दक्षिणेला काकतीपर्यंत

निपाणी, ३ ऑगस्ट २०२५

दीप्ती,

फाडून टाकायच्या आधी एवढं वाच: हे पत्र गेमबद्दल आहे. दुसरं काही यात नाही.

तुझ्याशी फोनवर बोलणार नाही असं चार वर्षांमागं मी म्हणालो, ते अजून मोडलेलं नाही. पत्राचं काही म्हणालो नव्हतो. तुझी आई उद्या अनगोळला तुझ्याकडं यायला निघालीय, तिच्या पिशवीत लाडवाच्या डब्याखाली हे ठेवतोय. तूप लागलं असलं तर तिला बोल, मला नको.

अडचण अशी. तू बारावीला असताना आपण दोघं खेळायचो तो साम्राज्याचा गेम मी परत लावलाय. तोच कॉम्प्युटर, तुझ्याच खोलीत, फक्त माऊस नवा. सुरुवातीला एक बैलगाडी मिळते, ती जिथं सोडशील तिथं पहिलं गाव, आणि तिथनं तीनशे फेऱ्यांत राज्य उभं करायचं. सगळं तेच. सातव्या पायरीपर्यंत आपण जिंकलो होतो, लढाया तुझ्याकडं आणि कोठारं माझ्याकडं. आठवी, शेवटची पायरी, तेव्हाही आपल्याला झेपली नाही. आता तंबाखूची वखार भाड्यानं दिल्यापासनं मला दिवसभर काम नाही. गुडघा गेला, एक डोळा गेला, म्हटलं आठवी तरी जिंकून बघू.

आज एकशे चाळिसावी फेरी. माझी गावं तीन. उत्तरेला निळा राजा, त्याची नऊ. दक्षिणेला हिरवा, त्याची सात. आठव्या पायरीवर कॉम्प्युटर त्यांना धान्य दुप्पट देतो आणि मला निम्मं, हा उघड अन्याय आहे. हिरव्याच्या हद्दीला लागून माझं तिसरं गाव आहे आणि तिथली माणसं रोज कुरकुर करत्यात. असंच चाललं तर ती आपणहून हिरव्याकडं जातील. मी भिंत बांधायला घेतलीय. बरोबर की चूक तेवढं कळव. शिपाई वाढवा म्हणू नको. मी शिपाई करत नाही, होड्या सोडून मासे धरत नाही, तुला माहीत आहे. "आप्पा, तुमचा राजा सामायिकाला बसलाय काय?" म्हणून तू हसायचीस. बसलाय. ध्यानातनं अजून उठलेला नाही.

दुसरं काही नाही म्हटलं तरी एक लिहावं लागतंय. दसरा झाला की तुझ्या नवऱ्याची बदली, तुम्ही पुण्याला जाणार, असं तुझी आई म्हणाली. जावा. तू दिलेला निरोपही तिनं सांगितला, की आप्पा आधी माझ्या घरी येऊ देत, मग मी पोरीला घेऊन निपाणीचा उंबरा चढीन. माझ्या मनाविरुद्ध लग्न करून आलीस तेव्हा मी तुला त्या उंबऱ्यावरनं परत लावलं होतं, त्यामुळं असं म्हणायचा तुझा हक्क आहे. पण मला येता येत नाही हेही तुला माहीत आहे. तुझ्या नवऱ्याला, त्या बेळगुंदीवाल्याला, माहीत नसलं तर सांग: मी दोन वर्षांमागं जैन मुनिमहाराजांसमोर दिग्व्रत घेतलंय. चारी दिशांना हद्द घालायची आणि जन्मभर त्यापुढं पाऊल टाकायचं नाही, असलं ते व्रत. माझी हद्द उत्तरेला कोल्हापूरची पंचगंगा, पूर्वेला कृष्णा, पश्चिमेला फोंड्याचा घाट आणि दक्षिणेला काकती. काकतीपासनं तुझं अनगोळ दहा-बारा किलोमीटर असेल, पण हद्द ती हद्द. त्यात तुझा काही संबंध नाही. तोंडात आलं ते बोललो. आणि पुणं तर पंचगंगेच्या पलीकडं लांबच राहिलं.

तर भिंतीचं कळव.

आप्पा


निपाणी, १७ ऑगस्ट

दीप्ती,

चिठ्ठी मिळाली. वर नाव नाही, खाली नाव नाही, मध्ये तीन ओळी. "लिवून दिलं न्हवं तिनं, नशीब समजा," असं तुझी आई म्हणाली.

"भिंत थांबवा. भिंतीनं माणसं खूश होत नसत्यात. हिरव्याशी वाटेचा करार करा, त्याचे व्यापारी येऊ द्यात. गावाचं नाव काय ठेवलंय?"

वाचून मला राग आला. वाट मोकळी दिली की हिरव्याचे शिपाई आत शिरणार, हे दुसरीतल्या पोराला कळतं. दोन दिवस मी भिंतच बांधत बसलो. तिसऱ्या दिवशी गाव पेटलं, कोठार लुटलं, मग झक मारत करार केला. सांगायला लाज वाटत्या, पण सात फेऱ्यांत गाव गार. हिरव्याचे व्यापारी मीठ आणत्यात, आमचा गूळ नेत्यात. शिपाई एकही आला नाही.

तुझ्या आईनं पडद्याचा फोटो काढून तुला पाठवला आणि तू तिला विचारलंस म्हणे, निम्मा नकाशा काळा का? काळा, कारण मी टेहळ्या पाठवलेला नाही. माझ्या हद्दीबाहेर नकाशावर दोन घरं सोडून लोखंड असलं काय आणि सोनं असलं काय, मला काय करायचंय? मी रेघ मारली की मारली. तू यावर "तरीच" एवढंच बोललीस, तेही कळलं.

फोटो बघताना फोनवर बोट जरा पुढं सरकलं आणि पोरीचा फोटो आला. आपोआप आला. दहा महिन्यांची असून केस बरेच आहेत. खालचे दोन दात दिसले. चष्मा नव्हता, तेव्हा नीट काही दिसलं नाही.

गावाचं नाव ठेवलंय काहीतरी.

आप्पा


निपाणी, ३१ ऑगस्ट

दीप्ती,

पर्युषण पर्व चालू आहे, एकवेळचं जेवण, तेव्हा अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

काल बोरगावला जाऊन आलो. मला व्रत देणाऱ्या महाराजांचा यंदाचा चातुर्मास तिथं आहे. कशाला गेलतो ते सांगतो, हसू नको. पाच ऑक्टोबरला तुमचा सामानाचा टेम्पो ठरला असं तुझी आई म्हणाली आणि मला रात्रभर झोप आली नाही. मग डोक्यात आलं, गेममध्ये आपण काय करतो? एक गाव निळ्याला द्यायचं, बदल्यात दुसरं घ्यायचं. राज्य तेवढंच राहतं. मी म्हटलं, महाराज, डोळ्याचा दवाखाना सोडला तर मला कोल्हापुरात काही काम नाही. उत्तरेची हद्द मागं घेऊन निपाणीच्या वेशीवर ठेवा आणि तेवढे चाळीस किलोमीटर मला दक्षिणेला द्या. मला बारा पुरत्यात, उरलेले सोडून दिले.

महाराज लई हसले. म्हणाले, "जिनाप्पा, हा दोष शास्त्रात नाव घालून लिहून ठेवलाय. क्षेत्रवृद्धी. एका बाजूचं कमी करून दुसऱ्या बाजूला वाढवायचं. तुझ्यासारखे हुशार तेव्हाही होते." मंडपात बसलेली सगळी माणसं हसली. मीही हसलो, काय करणार?

मग त्यांनी सहज विचारलं, "तू बेळगाव जिल्ह्यातला माणूस. कोर्ट तिथं, मोठी कचेरी तिथं, मोठा दवाखाना तिथं. हद्द काकतीला का घातलीस?" खरंच आहे. दोन वर्षं माझी सहीची कामं तुझा वीरेंद्रकाका करून आणतो, डोळ्याला मी कोल्हापूर गाठतो, आणि लोक पाठीमागं हसतात. मी म्हटलं, तोंडात आलं ते बोललो.  निघताना ते म्हणाले, "व्रत बदलायला येऊ नको. व्रतात काही वाईट नाही. काकती का, ते आधी आठव, आणि ज्याला सांगायचं त्याला सांग."

एसटीत बसल्यावर आठवायला काही लागलं नाही. तरी आज लिहीत नाही.

गेममध्ये निळा राजधानीकडं सरकतोय. काय करू?

आप्पा


निपाणी, ८ सप्टेंबर

दीप्ती,

आज क्षमावणी, वर्षभराच्या चुकांची क्षमा मागायचा दिवस. सकाळी साठ छापील कार्डं पोस्टात टाकली, दरवर्षी टाकतो तशी. व्यापाऱ्यांना, वखारीच्या भाडेकऱ्याला, ज्यांच्याशी माझं कसलंच भांडण नाही अशा सगळ्यांना. एक तुझ्यासाठी काढलं आणि परत ठेवलं. त्यावर 'कळत-नकळत' असं छापलंय. त्यातलं 'नकळत' तुझ्या बाबतीत खोटं झालं असतं.

काकती तोंडात आलं नव्हतं. मुद्दाम बोललो.

त्या वर्षी जूनमध्ये तुमच्या अनगोळच्या घराच्या वास्तुशांतीची पत्रिका आली. लग्नाला दोन वर्षं झाली होती. तुझी आई म्हणाली, जाऊया. वीरेंद्र म्हणाला, अण्णा, आता बास झालं. देवळात भेटेल तो विचारायचा, कवा जाणार वो पोरीकडं? मी नुसता मान हलवायचो. मनातनं जावं वाटत होतं, हेच मला सहन होत नव्हतं. पुढच्या महिन्यात महाराज आले. मंडपात त्यांनी विचारलं, दक्षिणेला कुठवर? शेजारनं वीरेंद्र हळूच म्हणाला, "अण्णा, धारवाड म्हणा." मी तोंड उघडलं ते धारवाड म्हणायलाच. तेवढ्यात ती पत्रिका डोळ्यापुढं आली. तिच्यावर तुझ्या सासऱ्याचं नाव होतं, माझं नव्हतं. असणार कसं? मीच तर नातं तोडलं होतं. तरी राग आला आणि बेळगावच्या अलीकडचं जे शेवटचं नाव सुचलं ते मी मोठ्यानं बोललो. आता मला कुणी जा म्हणू शकणार नव्हतं. तुझी आईसुद्धा. मी धर्माच्या आड लपून बसलो, दीप्ती.

उंबऱ्यावरनं तुला परत लावलं ते रागाच्या भरात. हे मात्र समजून-उमजून केलं, म्हणून हे जास्त वाईट. चुकलं ते दुसऱ्या दिवशीच कळलं होतं. पण कुणाला सांगणार?

आणखी एक. गेल्या ऑक्टोबरात बेळगावच्या दवाखान्यातनं तुझ्या आईचा फोन आला, मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. मी तसाच उठून एसटी धरली. काकतीला उतरलो. स्टॉपवर तीन तास बसलो, समोरनं बेळगावच्या गाड्या जात होत्या. मग परत आलो. घरात सांगितलं, चिकोडीला गेलतो. तुझ्या आईला अजून माहीत नाही.

तिसऱ्या गावाचं नाव सौम्या आहे.

मला क्षमा कर. व्रत मी मोडणार नाही, ते रागात घेतलं तरी घेतलंय. तू माझा उंबरा चढ असंही म्हणत नाही, तुझी अट बरोबर आहे. पण पाच तारखेला टेम्पो काकतीवरनंच जाणार. मी तिथं थांबतो. खाली उतरू नको. काच खाली कर आणि पोरगी दाखव. तेवढं पुरे.

आप्पा


निपाणी, २८ सप्टेंबर

दीप्ती,

वीस दिवस वाट बघितली. काल तुझ्या आईनं चिठ्ठी दिली आणि स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसत बसली. तू तिला काकतीच्या स्टॉपचं सांगितलंस वाटतं. मला फक्त वाटीत तूप जास्त वाढलं.

"गाव जागचं हलत नाही, आप्पा. गाडी हलते. ५ तारखेला दहा वाजता. न्याहारी करून येऊ नका."

पहिल्या दोन वाक्यांचा उपयोग लगेच केला. निळ्यानं राजधानी घेरली होती. मी एवढी वर्षं खेळतोय, पण गाडी फक्त सुरुवातीला वापरायची असं धरून चाललो होतो. काल राजधानीतली माणसं गाड्यांत भरली, हिरव्याच्या वाटेनं मागच्या मागं काढली आणि सौम्यात नेऊन नवी राजधानी केली. निळ्याच्या हाती नुसती घरं लागली. दोनशे एकाहत्तरावी फेरी, आणि मी अजून जिवंत आहे!

न्याहारीचं मात्र कळलं नाही. काचेतनं दोन मिनिटं बघायचं, त्यात न्याहारी कसली? पण सांगितलंयस तर उपाशी येतो.

काय घालून येऊ, विचारणार होतो. विचारत नाही.

आप्पा


निपाणी, ८ ऑक्टोबर

सौम्याबाई,

हे पत्र तुला. वाचता यायला तुला पाच-सहा वर्षं आहेत, तोवर तुझ्या आईनं जपून ठेवावं. काकतीला आपण पहिल्यांदा भेटलो तेव्हा तुला वर्षाची व्हायला बारा दिवस कमी होते. तुला काही आठवणार नाही आणि तुझी आई स्वतःचं कौतुक सांगणार नाही, म्हणून मी लिहितो.

मी साडेआठलाच जाऊन बसलो. बेळगावच्या बाजूला, काकतीचं शेवटचं दुकान आहे तिथं. माझी हद्द तिथं संपते. दहा वाजून गेले. सव्वादहाला मला वाटलं, तुम्ही बघूनही न थांबता गेलात. मग पिवळा टेम्पो आला आणि थांबला. पुढनं तुझे बाबा उतरले. चार वर्षं मी त्यांना बेळगुंदीवाला म्हणत होतो, नाव कधी घेतलं नाही. ते आले, वाकून पाया पडले. मी म्हटलं, "समर्थ, काच खाली करा, पोरगी दाखवा." ते म्हणाले, "काचेतनं न्हाय आप्पा, मागं चला." आणि त्यांनी टेम्पोचं मागचं फळकूट खाली सोडलं.

आत तुमचं सगळं घर होतं. कपाट, गाद्या, भांड्यांची पोती, तुझा पाळणा उलटा बांधलेला. पुढं एवढीशी जागा मोकळी ठेवून सतरंजी अंथरलेली, आणि कडेला फळीवर तुझ्या आईनं रांगोळीची एक आडवी रेघ ओढली होती. तू तिच्या कडेवर. तिनं मला चार वर्षांनी हाक मारली.

"आप्पा, अनगोळच्या घराची किल्ली भाडेकऱ्याला देऊन आले. आता माझं घर ते हेच. या आत."

 गुडघा चढू देईना, तर समर्थनी पाट ठेवला आणि खांदा दिला. कुणाच्याही घरात शिरताना काढतो तशा मी चपला रस्त्यावर काढल्या आणि ती रेघ ओलांडून आत गेलो. उप्पीट होतं, डब्यात, अजून गरम. मी एक घास घेतला आणि रडलो. लाज वाटली नाही. तुझी आई म्हणाली, "मीठ जास्त झालंय काय वो?" आणि तीही रडायला लागली. तू मात्र माझा चष्मा ओढून घेतलास आणि दोन दातांनी काडी चावलीस. तिच्यावर अजून खूण आहे.

खाऊन झाल्यावर मी उतरायला लागलो तर तिनं हात धरला. "कुठं चाललात? तुम्ही आलात. आता मी येते. रस्त्यातच आहे निपाणी." समर्थनी फळकूट वर केलं. मी गादीच्या गुंडाळीवर बसलो, तू मांडीवर, आणि तुमच्या घरात बसून मी माझ्या घरी आलो. मागं तोंड करून बसलो होतो, त्यामुळं काकती लांब जाताना दिसली. तू तोवर झोपलीस.

दारात तुझ्या आजीनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. उंबऱ्यापाशी तुझी आई क्षणभर थांबली. मी म्हटलं, "ये गं."  ती उजवा पाय टाकून आत आली, आणि आजीचं लक्ष खाली गेलं. "अहो, चपला कुठायत?"

चपला काकतीला, रस्त्यावर. तिघंही इतकी हसली की तू जागी झालीस.

जेवणं झाल्यावर तुझी आई कॉम्प्युटरपुढं बसली. माझा नकाशा बघून डोक्याला हात लावला. "आप्पा, दोनशे नव्वद फेऱ्या झाल्या, आणि निम्मी जमीन तुम्ही बघितलेलीच न्हाय!" तिनं टेहळ्या पाठवायचं ठरवलं, तेवढ्यात तू दोन्ही हात कीबोर्डावर आपटलेस. तीन फेऱ्या एकदम पुढं गेल्या आणि निळ्यानं सौम्या घेतली. आठवी पायरी परत हुकली. तू टाळ्या वाजवल्यास.

चारला तुमचा टेम्पो निघाला. मी वेशीपर्यंत आलो.

आता पुढचं. तुमचं पुणं माझ्या हद्दीच्या बाहेर आहे, तेव्हा मी तिकडं येणार नाही. पण उत्तरेला माझी हद्द पंचगंगेपर्यंत आहे, आणि ती मी रागानं घातलेली नव्हती. तुम्ही इकडं यायला निघालात की आईला एक फोन करायला सांग. माझ्या फोनवर केला तरी चालेल, मी उचलीन. शिरोलीच्या पुलाच्या अलीकडं, कोल्हापूरच्या अंगाला, मी तासभर आधी येऊन उभा राहीन.

चपला नव्या घेतल्यात.

तुझा,
जिनाप्पा आजोबा